बोटीचं पासिंग कुठलं?

कशेडी घाटातल्या माणसाला गाडी बघावी लागत नाही, ऐकली तरी पुरते. जुलैच्या धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही अशा वेळी टपरीवर चहा पिणारा एखादा म्हातारा खालून चढत येणाऱ्या ट्रककडे कान लावतो आणि म्हणतो, "क्लच गेलाय. वरच्या वळणाला येत नाय हा." ट्रक खरंच येत नाही. मग तोच म्हातारा छत्री उघडून खाली जातो, चाकाला दगड लावून देतो आणि ड्रायव्हरला चहाला वर घेऊन येतो. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या वाहनांनी पिढ्यानपिढ्या ह्याच चढावर दम टाकला, त्यामुळे जुनी गाडी पारखायची विद्या इथं कुणी मुद्दाम शिकत नाही. ती अंगावरच पडते.

सप्टेंबर 2023 मध्ये, ऐन गणपतीच्या तोंडावर, कशेडीच्या बोगद्याची एक बाजू हलक्या गाड्यांसाठी उघडली. ज्या डोंगराला वळसे घालताना पाऊण तास जायचा, ओकाऱ्या व्हायच्या आणि नवराबायकोत "मी सांगत होते पुढं बसू नका" हा संवाद व्हायचा, तो डोंगर दहा-पंधरा मिनिटांत मागं पडायला लागला. चाकरमानी खूश झाला. घाटातल्या भज्यांचं तेल मात्र तापेना.

आमच्या दाजींचं हॉटेल ह्याच घाटात. गिऱ्हाईक बोगद्यातून गेलं म्हटल्यावर त्यांनी काही दिवस बोगद्यालाच शिव्या दिल्या. पावसाळ्यात त्यात पाणी गळतं ही बातमी पेपरात आली तेव्हा ती त्यांनी येईल त्याला वाचून दाखवली. पण गळती लोकांनी काचेवरचा वायपर लावून पार केली आणि पुन्हा भज्यांकडे कुणी वळलं नाही. तेव्हा दाजींनी जाहीर केलं की ते स्पीडबोट घेणार. सेकंडहँड. हरिहरेश्वरला पर्यटकांना फिरवायला.

"हरिहरेश्वरच का?" मी विचारलं.

"मेवणं, सावित्री कुठनं येते? महाबळेश्वरावरनं. कुठनं जाते? आपल्या पोलादपुरातनं, महाडातनं. आणि मिळते कुठं? बाणकोटच्या खाडीत, हरिहरेश्वराच्या बाजूला. आपलंच पाणी तिथं जाऊन पडतंय, त्याच्यावर धंदा दुसऱ्यांनी करायचा?"

ह्या युक्तिवादात नदी बरोबर होती. माणूस मात्र असा, की ज्यानं भरतीचं पाणी बघितलं ते महाडच्या पुलावरून. दासगाव कधीकाळी चांगलं बंदर होतं, भरती साधून महाडपर्यंत गलबतं चढत, हे खरंच आहे. पण त्यानंतर आमच्या घराण्यात पाण्याशी आलेला संबंध म्हणजे भाताची लावणी.

दाजींची दुसरी अट अशी की बोट खवळलेल्या पाण्याची हवी. साधी नको. ह्या हट्टामागं 'लेडी हान' होती.

आठवत असेल, 18 ऑगस्ट 2022. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, आणि हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट सापडली. सोळा मीटर लांब, आत माणूस नाही, आणि तीन एके-47. सगळ्या राज्यात नाकाबंदी झाली, कशेडीला डिक्क्या उघडून बघितल्या गेल्या, त्यात दाजींच्या कांद्याच्या गोणीचीही झडती झाली. त्याच दिवशी फडणवीसांनी विधानसभेत खुलासा केला: बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंच्या मालकीची. मस्कतहून युरोपला निघाली होती. 26 जूनला सकाळी इंजिन बंद पडलं, मदतीचा पुकारा झाला, एका कोरियन युद्धनौकेनं दुपारी माणसं उचलून ओमानच्या हवाली केली. समुद्र इतका खवळला होता की बोट ओढून नेता आली नाही, म्हणून ती तिथंच सोडून दिली. मग ती बया आख्खा जुलै, निम्मा ऑगस्ट, ऐन मोसमी वाऱ्यात, एकटी, बंद इंजिनानं अरबी समुद्र ओलांडून श्रीवर्धन तालुक्यात आली.

लोकांनी ह्या बातमीतून दहशतवाद, परराष्ट्र धोरण आणि किनारपट्टीची सुरक्षा काढली. दाजींनी एवढंच काढलं: "बघा. ड्रायव्हर नाय, इंजिन नाय, तरी बुडली नाय. बॉडी कसली असंल!"

मला सांगावं लागेल की सेकंडहँड बोटीबद्दल इतकं नेमकं वाक्य मी पुढं बोटींच्या धंद्यातल्या माणसांकडूनही ऐकलं नाही. जुन्या बोटीत धड टिकतं, इंजिन दगा देतं. फक्त दाजींनी त्यातून उलटा निष्कर्ष काढला की इंजिनाकडे बघायचं कारण नाही.

खवळलेल्या पाण्याची बोट म्हणजे काय, हे सांगायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण घरात वाचणारा मी. तर मुद्दा सगळा तळाचा आहे. सपाट तळाची बोट थोड्या ताकदीत पाण्यावर चढते, पेट्रोल कमी पिते आणि शांत पाण्यात मोठी ऐट करते. लाट आली की मात्र ती लाटेवर आपटते, आणि तो दणका फळीतून बाकात, बाकातून माणसाच्या मणक्यात जातो. तळ इंग्रजी 'व्ही'सारखा खोल असेल तर तो लाट कापत जातो. हा 'व्ही' पुढं नाळेला सगळ्याच बोटींना असतो. खरी गोष्ट मागं आहे, इंजिनाजवळ. बहुतेक बोटींचा तळ मागं जाईपर्यंत सपाट होतो. रे हंट नावाच्या अमेरिकन आरेखकानं तो शेवटपर्यंत खोल ठेवला. 1958 साली त्याची अशी एक लहान बोट डिक बर्ट्रम ह्या शर्यतवाल्यानं लाटांत पळताना बघितली आणि स्वतःसाठी तशीच एकतीस फुटी करून घेतली. बायकोच्या लाडक्या नावावरून तिला 'मॉपी' म्हटलं. 1960 च्या मायामी-नसाऊ शर्यतीत समुद्र असा उसळला की बाकीचे जीव मुठीत धरून चालले, आणि मॉपी आठ तासांत पोचली. दुसरी बोट दोन तासांनी आली. बाकीच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून वेगवान बोटवाले मागच्या कोनाबद्दल बोलतात. 24 अंशांच्या आसपास असला की मान डोलावतात.

दाजींनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चोवीस अंश म्हणजे आपला घाट किती अंशाचा?"

ह्या खोल तळाची किंमत कोणी सांगत नाही. उभी असताना अशी बोट डावी-उजवीकडे डोलते, म्हणजे पर्यटक चढायच्या आधीच हिरवा पडतो. पाण्यावर चढायला तिला जास्त घोडे लागतात. आणि घोडे चारा खातात. दोनशे हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन पूर्ण दाबलं तर तासाला सत्तर-पंचाहत्तर लिटर ओढतं. अशा बोटींना दोन-दोन इंजिनं असतात. शंभरच्या पुढच्या भावानं हिशेब केला तर तासाला पंधरा हजारांचं पेट्रोल होतं. दाजींनी तो हिशेब हॉटेलच्या वहीत पेन्सिलनं केला, भज्यांच्या प्लेटीत रूपांतर केलं, आणि पान फाडून टाकलं.

तरीही मांडव्याच्या बाजूला एका वाडीत विकायला बोट आहे असं कळल्यावर आम्ही गेलो. मुंबईच्या पैसेवाल्यांनी हौसेनं घेतलेल्या बोटी त्या भागात नारळीच्या सावलीत ताडपत्री पांघरून पडलेल्या असतात. ही त्यांतलीच. अठ्ठावीस फुटी, नाळेपासून मागपर्यंत ज्वाळा रंगवलेल्या, आणि बाकांना बिबट्याचं कातडं. खोटं.

दाजींचा पहिला प्रश्न: "पासिंग कुठलं?"

विकणारा गोंधळला. बोटीला एमएच-06 नसतं, ती मेरीटाईम बोर्डाकडे नोंदवतात, तपासणी होते, विमा लागतो, चालवणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला तेव्हापासून खाडी-नदीतल्या बोटींनाही नोंदणीतून सुटका नाही, हे त्याला माहीत असावं. पण त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, त्यावर नजर टाकली आणि परत खिशात घातला. "पेपर क्लिअर आहेत," तो म्हणाला. घाटात हे वाक्य ज्या गाडीबद्दल बोललं जातं ती गाडी आम्ही लांबूनच बघतो.

दुसरी गोष्ट दाजींनी केली ती मात्र मानण्यासारखी. नमस्कार-चमत्कार चालू असताना ते सहज मागं गेले आणि इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवला. गरम. आम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलेलं. थंड इंजिन सुरू करताना जो खोकला, जो धूर, जी कुरकुर ऐकायची असते ती आमच्या कानावर पडू नये म्हणून घेतलेली काळजी. दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि भुवई अर्धा इंच वर केली. कशेडीत ह्या भुवईवर ट्रकचे सौदे मोडलेले आहेत.

इंजिन आत होतं. मोटारगाडीचाच आठ सिलिंडरचा ठोकळा, समुद्रासाठी घडवलेला, आणि त्याची ताकद मागच्या फळीतून बाहेर पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारा एक पाय. "गाडीचंच इंजिन!" म्हणून दाजी हरखले. त्यांचा आनंद मला मोडवेना, पण मोडला. मोटारीच्या इंजिनाला रेडिएटर असतो. ह्यातल्या बऱ्याच इंजिनांना थंड ठेवायला खारं पाणीच फिरवतात, आणि धुराच्या बिडाच्या नळ्यांमधून ते बाहेर टाकतात. खाऱ्या पाण्यात त्या नळ्या आतून सडतात. बाहेरून रंग मारलेला, ठणठणीत. दर काही वर्षांनी बदलल्या नाहीत तर एक दिवस पाणी उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. त्याहून वाईट म्हणजे तो बाहेरचा पाय जिथून जातो त्या भोकाला रबराचा भाता असतो. अठ्ठावीस फुटांची, ज्वाळा रंगवलेली, बिबट्याच्या बाकांची बोट आणि समुद्र ह्यांच्यामध्ये एवढाच काय तो पडदा. भाता तडकला की बोट नांगरावर उभ्याउभ्या, लाट नसताना, रात्रीत बुडते. मालक सकाळी दात घासत किनाऱ्यावर येतो तेव्हा दोर पाण्यात सरळ खाली गेलेला दिसतो.

आम्ही वाकून भाता बघितला. त्यावर शिंपले वाढले होते.

"म्हणून खाऱ्या पाण्यात बाहेर टांगलेलं इंजिन बरं," मी म्हणालो. "काम झालं की आख्खं वर उचलून ठेवता येतं. बिघडलं तर सोडवून घरी नेता येतं."

"इंजिन घरी न्यायचं?" दाजींच्या डोळ्यांत पहिल्यांदाच खरी चमक आली. इंजिन घरी नेणं हा त्यांच्या आयुष्यातला एक जुना आनंद आहे. ताईनं त्याविरुद्ध बरीच वर्षं लढा दिला आहे.

मग मी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि मागच्या आडव्या फळीवर टकटक करत गेलो. ही फळी बाहेरून फायबर, आतून बहुधा प्लायवूड. इंजिनाचा सगळा रेटा तिच्यावर. कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरलं की प्लायवूड आतल्या आत कुजतं, वरचं फायबर तसंच चकचकीत. चांगल्या जागी नाणं 'टण' वाजतं. कुजलेल्या जागी 'धप'. डाव्या कोपऱ्यापासून मधल्या बोल्टापर्यंत टण टण टण गेलं, आणि तिथून पुढं धप धप सुरू झालं. विकणारा म्हणाला की तिथं आतून फोम आहे. दाजींनी माझ्या हातातलं नाणं घेतलं, स्वतः पुन्हा सगळं वाजवून बघितलं, आणि खाली बसून त्या पायाच्या तळाचा एक स्क्रू ढिला करायला सांगितला. विकणारा नको म्हणत होता. दाजींनी स्वतःचाच पाना काढला. (दाजी लग्नालाही पाना घेऊन जातात.) गिअरच्या तेलाचा थेंब बोटावर आला. काळपट असायला हवा होता. आला तो दुधाळ, थेट कटिंग चहाच्या रंगाचा. म्हणजे सीलमधून पाणी आत.

"ह्यात साखर तेवढी घाला," दाजी म्हणाले.

एवढं होऊनही विकणाऱ्यानं हार मानली नाही. "आधी चालवून तर बघा, लोणी आहे लोणी." आणि त्या वेळी लोणीच होतं, कारण सकाळचे आठ वाजले होते. कोकण किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो आणि पाणी निपचित पडलेलं असतं. दुपार कलली की खारे वारे सुटतात, आणि तीन-चारच्या सुमाराला किनाऱ्यालगत आखूड, उभ्या, एकमेकींच्या पाठीवर चढणाऱ्या लाटा तयार होतात. त्यातच ओहोटी लागली असेल तर खाडीच्या तोंडाशी तमाशा बघावा: आतलं पाणी बाहेर येतंय, बाहेरच्या लाटा आत, आणि मध्ये बोटवाला. खवळलेल्या पाण्याची बोट घ्यायची तर ती अशा वेळी बघायला हवी. पण जुन्या बोटी विकणारी सगळी माणसं पहाटे उठणारी का असतात, ह्याचं उत्तर वाऱ्यात आहे.

आम्ही चारपर्यंत थांबलो. विकणाऱ्याला एकदम मुंबईला काम निघालं. त्यानं एका पोरसवद्या तांडेलाला सोबत दिलं. त्या पोरानं धक्क्यापासून बाहेर नेईपर्यंत एक शब्द काढला नाही, आणि लाटा लागल्यावर एकच काम केलं. उजव्या हातातला दांडा. लाट चढताना किंचित पुढं, माथ्यावर मागं, उतरताना पुन्हा पुढं. माथ्यावर पंखा पाण्याबाहेर येतो, आणि हात मागं आला नाही तर इंजिन हवेत किंचाळतं आणि आतले दात जातात. मोठ्या शर्यतींत म्हणे ह्या कामाला वेगळा माणूसच असतो. एक सुकाणू धरतो, दुसरा फक्त वेग सांभाळतो.

"म्हणजे डायवर आणि किनर," दाजी ओरडले. वाऱ्यात ओरडावंच लागत होतं.

"होय दाजी. पण इथं ॲक्सिलरेटर किनरच्या पायाखाली!"

ह्यावर त्यांनी दोन्ही हातांनी बिबट्या घट्ट धरला आणि परत येईपर्यंत काही बोलले नाहीत. तळ मात्र चांगला होता, हे कबूल करायला हवं. मागपर्यंत खोल. लाट कापत होता. कुजलेल्या फळीवर, शिंपलेवाल्या भात्यावर आणि चहाच्या गिअरवर सुद्धा तो आपलं काम करत होता. 'लेडी हान' उगाच नाही आली श्रीवर्धनपर्यंत.

परतताना मी शेवटचं अस्त्र काढलं. मे महिन्याच्या अखेरीला जलक्रीडा बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. मच्छीमारांनाही 1 जून ते 31 जुलै बंदी. जुनी माणसं तर नारळी पौर्णिमेला नारळ टाकल्याशिवाय होडी लोटत नसत, आणि आंगऱ्यांचं आरमारसुद्धा पावसाळ्यात बंदरात बसे. "म्हणजे दाजी, खवळलेल्या पाण्याची बोट घ्यायची, आणि पाणी खवळलं की ती बाहेर काढायची नाही, असा कायदाच आहे. तुम्ही तासाला पंधरा हजार मोजणार ते डिसेंबरातल्या तळ्यासारख्या समुद्रासाठी."

दाजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "महाडला लागंल की. पुराला."

ह्या वाक्यावर मला हसू आलं नाही. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, त्यातला आमच्या बाजूचा सगळा सावित्रीनं खाली आणला, आणि महाडच्या बाजारपेठेतली माणसं वरच्या मजल्यांवर अडकली. बोट कुठं आहे, हा प्रश्न त्या रात्री चेष्टेचा नव्हता. पण पुराच्या पाण्याला ज्वाळावाली बोट उपयोगाची नाही. तिथं विजेच्या तारा खाली आलेल्या असतात, बुडालेल्या मोटारी असतात, आख्खी झाडं वाहत येतात. खोल तळ कुंपणाला अडकतो आणि ताकदीला जागा नसते. तिथं लागते रबराची हवा भरायची बोट. चार माणसांनी उचलता येणारी, लहान इंजिनाची, टेम्पोत मावणारी. एनडीआरएफची तुकडी आता पावसाळ्यात महाडला येऊन राहते, तिच्याकडे असतात तशी. दिसायला ती अगदीच पोरखेळ असते. बाकांना बिबट्या नसतो, बाकंच नसतात.

"ती रबराची कितीला मिळंल?" दाजींनी विचारलं, आणि ह्या वेळी पेन्सिल काढली नाही.

बोट आम्ही घेतली नाही. पण दाजी रिकाम्या हातानं कुठूनही येत नाहीत. त्यांनी त्या बोटीखालचा ट्रेलर घेतला. टायर नवे होते, बेअरिंगमध्ये ग्रीस होतं, आणि कागदपत्रं खरोखरच होती. बोट तिथंच विटांवर उतरवून ठेवली. कशेडीला ट्रेलर आणताना बोगद्याच्या तोंडावर अडवून विचारणा झाली की ह्यावर काय नेता, दाजींनी सांगितलं, "बोट होती. उतरली." कुणी पुढं विचारलं नाही.

ट्रेलरच्या मधल्या 'व्ही'वर त्यांनी फळ्या ठोकून सपाटी केली आहे. गेल्या श्रावणात त्याच ट्रेलरवर पेणहून गणपती आले, पोलादपुरापासून वरच्या वाड्यांपर्यंतचे, ताडपत्रीखाली ओळीनं बसलेले, आणि एकाच्याही सोंडेला टवका गेला नाही. धंदा बरा चाललाय. बोटीचं काय झालं असं कुणी हॉटेलात विचारलं, की दाजी भज्यांचा झारा झटकतात आणि म्हणतात, "घेऊ की. पाणी जरा शांत होऊ दे."